‘राजीनामा’ व ‘बडतर्फी’ : संमतीच्या पुराव्याचा प्रश्न

नोकरी सोडणारा मनुष्य जो कागद लिहून देतो त्यास मराठीत ‘राजीनामा’ म्हणतात. नोकरीतून काढलेल्यास ‘बडतर्फ’ केले असे म्हणतात. दोन्ही शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आले. परंतु त्यांच्या घडणीत एक मूलभूत भेद आहे. ‘राजी’ म्हणजे संतुष्ट अथवा संमत, आणि ‘नामा’ म्हणजे लेख. ‘बर-तरफ’ म्हणजे बाजूला सारलेला. पहिल्या शब्दात कर्ता स्वतः नोकर आहे, दुसऱ्यात कर्ता धनी आहे. धन्याने नोकराचे जिणे असह्य करावे आणि नोकराने कंटाळून स्वहस्ते कागद लिहून द्यावा, असे घडते तेव्हा हा भेद संकटात सापडतो. कागदावर संमती असते, मनात ती नसते. अशा मनुष्याने दाद मागावी की मुकाट्याने निघून जावे, हा प्रश्न वरकरणी व्यक्तिगत दिसतो. त्याच्या मुळाशी मात्र शब्द व संमती यांच्या संबंधाचा जुना वाद आहे.

मराठी व्यवहारात ‘राजीनामा’ शब्दाचा मूळ अर्थ नोकरीशी बांधलेला नव्हता. पंचायतीपुढे वाद नेताना निवाडा मान्य करू असे वादी-प्रतिवादी लिहून देत, तो राजीनामा. पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनने 1819 साली सादर केलेल्या अहवालात या प्रथेची नोंद आहे. पुढे इंग्रजी अमदानीत जमीन सोडणारा खातेदार ‘राजीनामा’ देई व नवा खातेदार ‘कबुलायत’ लिहून देई. या सर्व उपयोगांत एक गोष्ट समान होती. राजीनामा हा पुरावा होता, आणि तो लिहिणाऱ्याच्याच विरुद्ध वापरावयाचा पुरावा होता. ज्याने तो लिहिला त्याला मागाहून ‘मी राजी नव्हतो’ असे म्हणणे कठीण जावे, हेच त्या कागदाचे प्रयोजन. नोकरीच्या व्यवहारात शब्द आला तो हे प्रयोजन बरोबर घेऊनच आला.

या भेदाचे सर्वांत ठळक राजकीय उदाहरण मध्यप्रांत-वऱ्हाडच्या इतिहासात 1938 च्या जुलै महिन्यात सापडते. मंत्रिपद ही नोकरी नव्हे व त्याची दाद न्यायालयात मागता येत नाही, हे मान्य करूनही राजीनामा आणि बडतर्फी या दोन क्रिया त्या आठवड्यात इतक्या स्पष्टपणे समोरासमोर आल्या की प्रश्नाचा सांगाडा तेथे उघडा दिसतो.

डॉ. नारायण भास्कर खरे यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळात त्या वेळी सहा मंत्री उरले होते. स्वतः खरे नागपूरचे, पु. ब. गोले व रामराव देशमुख हे वऱ्हाडचे. आणि रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दु. के. मेहता हे महाकोशलचे. आपसांतील बेबनाव मिटविण्यासाठी मे महिन्यात पचमढी येथे समेट झाला होता, पण तो टिकला नाही. 20 जुलै रोजी खरे, गोले व देशमुख यांनी गव्हर्नर सर फ्रॅन्सिस वायली यांच्याकडे राजीनामे दिले. मुख्य मंत्र्याने राजीनामा दिल्यावर सहकाऱ्यांनीही तो द्यावा, हा संकेत. महाकोशलच्या तिघांनी पक्षश्रेष्ठींच्या अनुज्ञेवाचून राजीनामा देण्यास नकार दिला. 1935 च्या कायद्याप्रमाणे मंत्री गव्हर्नरच्या मर्जीपर्यंत पदावर राहत. त्या अधिकाराने वायली यांनी 21 जुलैच्या पहाटे तिघांना बडतर्फ केले, व खरे यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले.

पारडे फिरण्यास दोनच दिवस लागले. वर्धा येथे काँग्रेसच्या पार्लमेंटरी उपसमितीने खरे यांस दोषी धरले, आणि 23 जुलै रोजी त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. या वेळी तो वरिष्ठांच्या दडपणाखाली होता. मात्र याच्या पुढची घटना अधिक अर्थपूर्ण आहे. सेगाव येथे, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, गांधीजींच्या सान्निध्यात खरे यांच्यापुढे चुकीची कबुली देणारे निवेदन सहीसाठी आले, तेव्हा त्यांनी सही करण्याचे नाकारले. पद त्यांनी सोडले, पण संमती दिली नाही. 26 जुलै रोजी कार्यकारिणीने त्यांच्याविरुद्ध कडक ठराव केला. दुसऱ्या दिवशी शुक्ल पक्षनेते निवडले गेले. शुक्लांच्या मंत्रिमंडळात बडतर्फ झालेले तिघेही परतले, गोले व देशमुख यांना मात्र स्थान मिळाले नाही. खरे यांनी आपली बाजू पुस्तिका काढून जनतेपुढे मांडली, पण पद परत आले नाही.

यावरून ‘लिहून देऊ नये म्हणजे जय होतो’ असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उतावळेपणाचा होईल. शुक्ल आदी तिघांना केवळ नकाराने तारले नाही. त्यांच्या नकारामागे पक्षाची सत्ता उभी होती. नकाराने साधले ते एवढेच की त्यांचे जाणे दुसऱ्याचे कृत्य ठरले आणि प्रश्न खुला राहिला. उलट खरे यांनी सेगावी जे नाकारले ते वर्ध्याला दिलेल्या कागदाच्या नंतरचे होते. तोवर पद गेले होते. नकार प्रश्न जिवंत ठेवतो, आणि त्याचा निकाल पाठीशी कोण आहे यावर ठरतो.

सामान्य नोकराच्या पाठीशी पक्ष नसतो. त्या जागी कायद्याची संस्था उभी करण्याचा प्रयत्न म्हणून कामगार-कायद्याकडे पाहता येते. 1947 साली मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी औद्योगिक तंट्यांच्या निवारणाचा स्वतंत्र कायदा झाला. कामावरून काढलेल्या, बडतर्फ केलेल्या वा निलंबित केलेल्या कामगारास त्याने दाद मागण्याची वाट दिली. परंतु राजीनामा या यादीत नव्हता. ज्या कामगाराच्या हातून कागद लिहून घेतला गेला, त्याला आधी तो कागद म्हणजे राजीनामाच नव्हे, असे सिद्ध करावे लागे. अखिल भारतीय कायद्यातही एकट्या कामगाराची बडतर्फी हा संघटनेच्या पाठिंब्यावाचून औद्योगिक तंटा ठरण्यास 1965 ची दुरुस्ती यावी लागली.

इंग्लंडमध्ये या प्रश्नास ‘कन्स्ट्रक्टिव्ह डिस्मिसल’ असे नाव मिळाले. आपल्या न्यायपरिभाषेतील ‘आन्वयिक’ हे विशेषण योजून त्यास ‘आन्वयिक बडतर्फी’ म्हणता येईल : रूपाने राजीनामा, अन्वयाने बडतर्फी. 1977 साली तेथील अपील न्यायालयाने वेस्टर्न एक्स्कॅव्हेटिंग विरुद्ध शार्प या खटल्यात त्याची कसोटी ठरविली. धन्याचे वर्तन केवळ गैरवाजवी असून भागत नाही. त्याने कराराच्या मुळावरच घाव घातलेला असला पाहिजे. त्या खटल्यातील नोकर पैशांच्या अडचणीत होता. साठलेल्या रजेचा पगार आगाऊ मिळाला नाही म्हणून त्याने नोकरी सोडली. तो हरला. धनी कठोर होता, पण त्याने करार मोडला नव्हता. घाव बसल्यावर नोकर फार काळ तसाच काम करीत राहिला तर त्याने ते वर्तन पत्करले असे धरले जाते, हीही या कसोटीची एक बाजू आहे.

भारतात या नावाचा सर्वसामान्य कायदा नाही. परंतु 1872 च्या करारकायद्यातील मुक्त संमतीची कल्पना आहे, आणि महाराष्ट्रातील खाजगी शाळांपुरती याहून नेमकी तरतूदही आहे. खाजगी शाळांतील सेवकांच्या सेवाशर्तींचा 1977 चा अधिनियम 15 जुलै 1981 पासून अमलात आला. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोहोंवर सही व तारीख घालून, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावयाची व दुसरी स्वतःजवळ ठेवावयाची. वरवर ही कारकुनी बाब वाटते. पण कोऱ्या वा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर नेमणुकीच्याच वेळी सही घेऊन ठेवणे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस तिचे मर्म कळेल. टपाल कचेरीचा शिक्का हा येथे संमतीचा साक्षीदार आहे. ज्याची सेवा बडतर्फीने वा अन्य रीतीने संपविली गेली त्याला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. आदेश मिळाल्यापासून त्याची मुदत तीस दिवसांची आहे, आणि अमरावती विभागासाठीचे न्यायाधिकरण अमरावतीसच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. अकोल्याच्या एखाद्या शाळेतील शिक्षकाने, वेतन अडविले गेले, कारणावाचून वर्ग काढून घेतले, अपमान नित्याचा झाला म्हणून नोकरी सोडावयाचे ठरविले, तर त्याने दाद मागावी काय? इतिहासाचे उत्तर असे की हा निर्णय नोकरी सोडल्यानंतर घ्यावयाचा नसतो. तो कागद लिहिण्यापूर्वीच घ्यावा लागतो. ‘घरगुती अडचणीमुळे’ असे सौजन्याचे कारण लिहून बाहेर पडलेल्यास पुढे छळाचे कारण सांगताना स्वतःच्याच अक्षराशी भांडावे लागते. ज्याने खरे कारण लिहिले, तक्रारीच्या प्रती राखल्या आणि मुदत सांभाळली, त्याचा दावा निदान ऐकण्याजोगा राहतो. जिंकण्याची हमी त्यालाही नाही. खटल्यात वर्षे जातात, गाव लहान असते, आणि दुसऱ्या शाळेत अर्ज करताना जुन्या संस्थेचा शब्द लागतो. ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्याने या हिशेबाने दावा न करण्याचे ठरविले तर त्यास भित्रेपणा म्हणता येणार नाही. परंतु दावा न करणे वेगळे, आणि खोटी संमती लिहून देणे वेगळे. पहिल्यात हक्क सोडला जातो. दुसऱ्यात घडलेल्या गोष्टीचा पुरावाच नाहीसा होतो.

सेगावच्या निवेदनावर सही न करणाऱ्या खऱ्यांचे राजकारण पटो वा न पटो, हा भेद त्यांना उमगला होता. उमगण्यास दोन दिवस उशीर झाला, इतकेच.