अनावश्यक गर्भाशयोच्छेदन

सबळ वैद्यकीय कारण नसताना किंवा साधे उपचार करून न पाहताच गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. बोलीत ‘पिशवी काढणे’. कर्करोग, मोठ्या गाठी, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणे अशा अवस्थांत ही शस्त्रक्रिया योग्य ठरते. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे किंवा अनियमित पाळी एवढ्यावरून ती करू नये. जंतुसंसर्गावर प्रतिजैविके, अतिरक्तस्रावावर गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन हे उपाय आधी करावयाचे असतात.

परिणाम : बीजकोशही काढल्यास ऋतुनिवृत्ती एकाएकी येते, हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो.

बीड जिल्हा : या विषयाची महाराष्ट्रातील सर्वांत तपशीलवार नोंद ऊसतोड मजूर स्त्रियांची आहे. २०१९ मध्ये वृत्तपत्रांनी हा प्रश्न उजेडात आणल्यावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांचे, गर्भाशय काढलेले आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण देशभरात सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे गट वेगळे असल्याने तुलना ढोबळ मानावी. तरी एवढी तफावत केवळ आजाराने पडणे शक्य वाटत नाही. बीडमधील यांपैकी किती शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या, हे या आकड्यांवरून ठरत नाही.

कारणांविषयी मतभेद आहेत. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’; मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी फेडायची आणि कामाचा दिवस चुकला की ‘खाडा’ म्हणून दंड. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, फडाजवळच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) शौचालय नाही, पुरेसे पाणी नाही. त्यामुळे स्त्रियांनीच पिशवी काढून घेतली, असे काहींचे म्हणणे. कर्करोगाची भीती घालून खासगी डॉक्टरांनी ती काढली, असे इतरांचे. भीती दाखवून मिळवलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

इतर राज्ये : राजस्थान, बिहार, छत्तीसगड येथूनही अशा तक्रारी आल्या.

नियमन : डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला आणि केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले.