घरपोच फिजिओथेरपी व सरकारी आरोग्य विमा (बेळगाव–निपाणी सीमाभाग)

पक्षाघात, अस्थिभंग, मणक्याची इजा, गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया यांनंतर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टने रुग्णाच्या घरी येऊन करून घेतलेले व्यायाम व उपचार, आणि त्यांच्या खर्चाची सरकारी विम्यातील तरतूद, हा या नोंदीचा विषय. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात कार्ड असलेल्या गरीब कुटुंबाचा रुग्णालयातील मोठा खर्च सरकारी योजनेतून भागतो. घरी येणाऱ्या फिजिओचे पैसे मात्र कुटुंबालाच द्यावे लागतात.

कर्नाटकात विमा-योजनांची परंपरा जुनी आहे. सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी २००३ मध्ये ‘यशस्विनी’ आली, पुढे दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी ‘वाजपेयी आरोग्यश्री’. मार्च २०१८ मध्ये ‘आरोग्य कर्नाटक’ सुरू झाली आणि त्याच वर्षी ती केंद्राच्या ‘आयुष्मान भारत’शी जोडली गेली. कारभार सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टकडे आहे. बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. इतरांना पॅकेजच्या ३० टक्के रक्कम मिळते, तीही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. तातडीची वेळ सोडली तर आधी सरकारी रुग्णालयात जाऊन तिथून चिठ्ठी आणावी लागते.

‘पॅकेज’ या शब्दातच घरच्या उपचारांची अडचण आहे. प्रत्येक उपचाराला ठरीव रक्कम असते आणि ती रुग्णालयाला मिळते. खाट, औषधे, शस्त्रक्रिया, वॉर्डात फिजिओने करून घेतलेला व्यायाम, सगळे तीत धरलेले असते. केंद्राच्या नियमानुसार डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधे व तपासण्याही पॅकेजमध्ये येतात. त्यापुढे हिशेब बंद. बाह्यरुग्ण विभागातील उपचार योजनेबाहेर ठेवलेले असल्याने रिक्षा करून फिजिओकडे नेलेला रुग्ण आणि घरी फिजिओ बोलावलेला रुग्ण, दोघेही विम्याच्या लेखी सारखेच बाहेरचे. रुग्णालयातला आरोग्यमित्र कार्ड तपासतो, मंजुरी मिळवून देतो. पण रुग्ण घरी गेल्यावर आरोग्यमित्राच्या हातात मंजुरीसाठी पाठवायचा कागदच उरत नाही.

पक्षाघाताच्या रुग्णाचे खरे काम याच वेळी सुरू होते. गेलेली ताकद परत येण्याचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो. या काळात हात-पाय नुसते पडून राहिले तर स्नायू आखडतात, खांदा दुखू लागतो, मूठ मिटलेलीच राहते, कुशीवर न वळवल्यास पाठीला जखमा होतात. घरी आलेला फिजिओ आधी खाटेची उंची पाहतो, मग उंबरठा, मोरीतली ओली फरशी, परसातल्या संडासापर्यंतची वाट. रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवर वॉकर घेऊन दहा पावले टाकणारी बाई घरी उंबरठ्यापाशीच अडते. तिला जमिनीवरून उठायचे असते, चुलीपुढे बसायचे असते. म्हणून कोणत्या पायावर भार द्यायचा, सुनेने काखेत धरण्याऐवजी कमरेला कुठे धरायचे, हे त्याच घरात, त्याच दारात शिकवावे लागते. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन बोलणे गेले असेल तर सूचना मातृभाषेत, तुटक आणि सोप्या द्याव्या लागतात. मराठी घरात आलेल्या थेरपिस्टला ‘टाच टेकव’, ‘कूस बदल’ एवढे तरी म्हणता यायला हवे.

निपाणीत हा प्रश्न अधिक टोचतो. तंबाखूच्या वखारी आणि विड्या वळणाऱ्या बायका ही या गावाची ओळख. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसल्याने मान, कंबर आणि बोटांचे दुखणे घरोघरी दिसते. १९७६ च्या कायद्याने विडी कामगार कल्याण निधी उभा राहिला, दवाखाने निघाले. क्षय, कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार यांसाठी मदत मिळू लागली. घरच्या फिजिओथेरपीला त्यातही स्थान नव्हते, आणि निधीला पैसा पुरवणारा उपकर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला. विडी वळणारीचा हात गेला की मजुरी जाते, आणि फिजिओची फी द्यायला नेमकी तीच मजुरी हवी असते.

निपाणीकरांना उपचारासाठी बेळगावापेक्षा कोल्हापूर जवळ. केंद्राच्या यादीतील कुटुंबाला दुसऱ्या राज्यातील संलग्न रुग्णालयात कार्ड वापरता येते. केवळ राज्याच्या पैशावर समाविष्ट झालेल्यांना ती सोय तशी नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्र हक्क सांगत असलेल्या कर्नाटकातील ८६५ सीमागावांना लागू करण्याचे ठरवले. कर्नाटकाने हरकत घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये बेळगाव जिल्हा प्रशासनाने अर्ज भरून घेणारी केंद्रे थांबवली. वाद मोठा गाजला. परंतु फुले योजनाही मुळात रुग्णालयात दाखल झालेल्यांचीच. सीमावासीयाला दोन्ही राज्यांची कार्डे मिळाली असती तरी घरी येणाऱ्या फिजिओचा खर्च कोणत्याच कार्डावर निघाला नसता, आणि त्या सगळ्या गदारोळात हे कुणी विचारले नाही याची खंत वाटते.

अपवाद नोकरदारांचे. केंद्रीय कर्मचारी व निवृत्तांच्या आरोग्य योजनेत तज्ज्ञाच्या शिफारशीवरून पक्षाघात किंवा सांधेबदल यांनंतर ठरावीक आठवड्यांच्या घरच्या फिजिओथेरपीचा परतावा मिळू शकतो. म्हणजे ही तरतूद आपल्याकडे करता येते, केलेलीही आहे. ती कार्डधारक गरिबापर्यंत पोचलेली नाही एवढेच. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे बेळगावात माजी सैनिकांची कुटुंबे पुष्कळ. त्यांच्यासाठी २००३ पासूनची माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना व पॉलिक्लिनिक आहे. कारखान्यांतील विमाधारक कामगारांसाठी ईएसआय रुग्णालय आहे. परदेशातही अशी तरतूद आहे: अमेरिकेत घराबाहेर पडणे अवघड झालेल्या वृद्धाला डॉक्टरच्या आदेशावरून मेडिकेअर ही सरकारी विमा योजना घरी थेरपिस्ट पाठवते.

विम्याबाहेरचे काही मार्ग मात्र प्रत्येकाने विचारून पाहावेत. वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात (२०१०-११ पासून) सामुदायिक आरोग्य केंद्राच्या पुनर्वसन कार्यकर्त्याने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी जावे, अशी तरतूद आहे; प्रत्यक्षात तो नेमलेला आहे का, हे केंद्रावर विचारावे. बेळगावचे जिल्हा रुग्णालय ‘बिम्स’ या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे, आणि केएलई संस्थेचे फिजिओथेरपी महाविद्यालय शहरातच आहे; तिथेही चौकशी करावी. गंभीर दिव्यांग मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानात घरी शिक्षणाची व थेरपीची सोय धरलेली आहे. त्यासाठी शाळेमार्फत तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे जावे.

कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर दिव्यांगांसाठी ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो. तो उपचार करत नाही. पण कायमचे अपंगत्व आल्यास दिव्यांग प्रमाणपत्र व मासिक पेन्शन यांचे कागद त्याच्यामार्फत हलतात, आणि काही घरांत फिजिओची फी या पेन्शनमधूनच दिली जाते.