शेवई, दुष्काळ आणि उष्मांक : सोनारी-परंडा परिसराच्या संदर्भात एक आहार-ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पास्त्याऐवजी कमी उष्मांकाच्या नूडल्स खाव्यात, असा सल्ला अलीकडच्या आहारविषयक लेखनात वारंवार आढळतो. या सल्ल्याचा इतिहासाच्या अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी व तिचा परिसर नजरेसमोर ठेवला आहे. काळभैरवनाथाचे क्षेत्र म्हणून प्रसिद्ध असलेले हे गाव मराठवाड्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात येते. जेथे पिढ्यान्‌पिढ्या पुरेसे अन्न कसे मिळवावे हीच विवंचना होती, तेथे उष्मांक कमी करणारे अन्न कोणत्या अर्थाने पर्याय ठरते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

शेवईची परंपरा

पिठाचे तंतू करून शिजविण्याची कला या प्रदेशास नवी नाही. चालुक्य राजा दुसरा जयसिंह याच्या आश्रयास असलेल्या चावुंडरायाने इ. स. १०२५ च्या सुमारास रचलेल्या ‘लोकोपकार’ या कन्नड ग्रंथात शेवई (शाविगे) करण्याची रीत व त्यासाठीचा साचा यांचा उल्लेख आहे. आजचा धाराशिव जिल्हा त्या काळी याच चालुक्यांच्या राज्यात मोडत होता.

पास्ता व शेवई यांचे नाते धान्यातूनही दिसते. इटालियन पास्ता ड्युरम गव्हाचा करतात. महाराष्ट्रातील कोरडवाहू बन्सी गहूदेखील ड्युरमच होय. खपली गहू त्याचा जवळचा नातलग आहे. या गव्हाच्या चिवट पिठामुळे तंतू न तुटता ओढता येतो. शेवयांखेरीज बोटवे, गव्हले, नखुल्या, मालत्या असे हाताने वळायचे प्रकार, काडीवर गुंडाळून केलेले सरगुंडे आणि आमटीत शिजविलेल्या चकोल्या पाहिल्या म्हणजे पिठाला निरनिराळे आकार देण्याची येथील परंपरा किती समृद्ध होती, हे ध्यानी येते.

नित्याचे अन्न व सणाचे अन्न

तथापि या परिसराचे नित्याचे अन्न गहू नव्हते. ते ज्वारीची भाकरी हे होते. रब्बी हंगामात जमिनीतील ओलाव्यावर येणारी ज्वारी हेच येथील मुख्य पीक. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवड पद्धतीने सिद्ध झालेली ‘मालदांडी ३५-१’ ही जात आजही या पट्ट्यात ओळखीची आहे. गव्हाची शेवई सणावारी, पाहुण्यास किंवा मंगलकार्यात होई. गूळ-तूप घालून वा दुधात शिजवून ती वाढली जाई. रमजान ईदेच्या शीरखुर्म्यातही तिचेच स्थान होते. अशा रीतीने ती दोन्ही समाजांच्या आनंदप्रसंगांत सामावलेली होती.

शेवई करणे हे उन्हाळ्यातील कष्टाचे काम होते. गहू ओलवून, सडून, दळून, पीठ वस्त्रगाळ करायचे. ते घट्ट मळून, तिरप्या पाटावर बसून तंतू काढायचा आणि काठीवर वाळवायचा. शेजारणी एकमेकींच्या घरी या कामाला जात. त्यामुळे वर्षाचा साठा मर्यादित असे व तो जपून वापरला जाई. पुढे हाताने फिरवायचा साचा आला, नंतर गिरणीजवळ विजेवरील यंत्र आले. स्त्रियांचे कष्ट कमी झाले, ही निःसंशय इष्ट गोष्ट होय. मात्र त्याबरोबर कष्टांनी घातलेली मर्यादाही सुटली.

टंचाईची स्मृती

१८७६-७८ चा दख्खनचा महादुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ यांनी या प्रदेशाच्या मनावर खोल ठसा उमटविला आहे. १९७२ साली दुष्काळी कामांवर मजुरांना सुकडी वाटली गेली, तर परदेशातून आलेली मिलो ज्वारी लोकांनी नाइलाजाने खाल्ली. रोजगार हमी योजनेस १९७७ च्या कायद्याने जे अधिष्ठान मिळाले, त्यामागे हाच अनुभव होता. सुकडीचे मोल तिच्यातील उष्मांकांतच होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

नवा तंतू

त्यानंतरच्या काळात चित्र पालटले. स्वस्त धान्य दुकानांतून व बागायतीतून गहू नित्याचा झाला. जपानमध्ये १९५८ साली मोमोफुकु अंदो यांनी बाजारात आणलेल्या झटपट नूडल्सचा प्रकार १९८० च्या दशकात भारतात रुळला व कालांतराने खेड्यांतील दुकानांपर्यंत पोहोचला. तळून वाळविलेल्या या नूडल्समध्ये स्निग्धांश बराच असतो. दुसरीकडे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोक मधुमेही आहेत. कमी उष्मांकाच्या नूडल्सची मागणी या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

या नूडल्सपैकी सर्वाधिक परिचित म्हणजे जपानी शिराताकी. ती कोन्याकू नावाच्या कंदापासून करतात. हा कंद आपल्या सुरणाच्याच प्रजातीतील आहे. त्यातील ग्लुकोमॅनन हा तंतुमय घटक पाणी शोषून फुगतो. त्यामुळे शिराताकीत बहुतांश पाणीच असते. शिजविलेल्या १०० ग्रॅम पास्त्यातून सुमारे १५० उष्मांक मिळतात, तर तेवढ्याच शिराताकीतून १० च्या आसपास. पोट भरल्याची भावना त्यातून येते. परंतु प्रथिने जवळजवळ मिळत नाहीत.

विवेचन

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या व सर्वपरिचित तक्त्यानुसार १०० ग्रॅम कोरड्या शेवयांत ३५२, तर ज्वारीत ३४९ उष्मांक आहेत. म्हणजे धान्य बदलल्याने उष्मांक फारसे घटत नाहीत. ज्वारीच्या शेवया ‘कमी उष्मांकाच्या’ म्हणून विकणे त्यामुळे यथार्थ ठरत नाही. त्यांचे गुण अन्यत्र आहेत : त्यांत ग्लुटेन नसते आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या पिकाला त्यांमुळे मागणी मिळते. ज्वारीच्या पिठाला चिवटपणा नसल्याने ते उकडून साच्यातून दाबावे लागते; हजार वर्षांपूर्वीच्या साच्याची उपयुक्तता येथे पुन्हा प्रत्ययास येते.

खिरीच्या एका वाटीत मूठभर, समजा २५ ग्रॅम, शेवया पडत. त्यांतून ९० च्या आसपास उष्मांक मिळत. कोरडा पास्ता १०० ग्रॅम शिजविला तर ते ३५० पर्यंत जातात. पूर्वीच्या आहारातील संयम धान्यात नव्हता, तो प्रमाणात व प्रसंगात होता. शिवाय दिवसभराच्या शेतकामात अन्न खर्ची पडत होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, उष्मांकरहित तंतू हा प्रमाण व प्रसंग यांची मर्यादा सुटलेल्या समाजाने शोधलेला उपाय आहे. मधुमेही अथवा स्थूल व्यक्तीस वैद्यकीय सल्ल्याने तो उपयोगी पडू शकेल. परंतु ऊसतोडीस जाणारी मजूर स्त्री, वाढत्या वयाचे मूल किंवा कुपोषित बालक यांच्यासाठी तो पर्याय नव्हे. त्यांना भाकरी, डाळ व भाजीच हवी. सोनारीसारख्या परिसरात हे दोन्ही वर्ग आज एकाच गावात, क्वचित एकाच घरात नांदतात. म्हणून आहारविषयक सल्ला देताना कोणासाठी, हा प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे. आहाराच्या इतिहासाचे अध्ययन हा प्रश्न विचारण्यास शिकविते, हीच त्याची आजची उपयुक्तता होय.