ओआनेस आणि समुद्रातले सात ज्ञानी

बाबिलोनमधील मर्दुक देवाचा पुजारी बेरोसस याने इ.स.पू. तिसऱ्या शतकात आपल्या देशाचा इतिहास ग्रीकमध्ये लिहून राजा पहिला अँटिओकस याला अर्पण केला. तो ग्रंथ नष्ट झाला. अलेक्झांडर पॉलिहिस्टर या ग्रीक लेखकाने केलेला त्याचा सारांशही गेला. त्यातून ख्रिस्ती इतिहासकार युसेबियसने घेतलेले उतारे आर्मेनियन भाषांतरात टिकले आणि काही मजकूर नवव्या शतकारंभीच्या सिंकेलस या भिक्षूने ग्रीकमध्ये राखला.

या उताऱ्यांत ओआनेस भेटतो. माणसे जनावरांसारखी राहत असताना तो समुद्रातून वर आला. अंग सगळे माशाचे, पण माशाच्या डोक्याखाली माणसाचे डोके, शेपटीपाशी माणसाचे पाय, आणि वाचाही माणसाची. दिवसभर तो लोकांत राही, अन्नाला मात्र शिवत नसे. लेखन, भूमिती, कायदे, पेरणी शिकवी आणि सूर्य मावळला की पाण्यात जाई. पुढे त्याच्यासारखे आणखीही आले.

इतक्या हातांतून आलेल्या मजकुरावर विसंबावे का? माझ्या मते विसंबावे, आणि त्याला कारण उरुकच्या उत्खननात मिळालेली, १९६२ साली प्रसिद्ध झालेली मातीची पाटी. इ.स.पू. १६५च्या सुमाराच्या या कीलाकार लेखात जलप्रलयापूर्वीचे सात राजे आणि प्रत्येकाचा एकेक ज्ञानी नोंदला आहे. पहिल्या राजाचा, अयालूचा, ज्ञानी उआन्ना. हाच ओआनेस. पुढच्या ज्ञान्यांपैकी उआन्नेदुग्गाचा ग्रीकमध्ये अ‍ॅनेडोटस झाला, एन्मेबुलुग्गाचा एन्यूबुलस. उच्चार बदलले, पण ही नावे कुणा ग्रीकाने रचलेली नाहीत. मंत्रविधींचे जुने अक्कडियन लेखही या सातांना समुद्रातले मासे म्हणतात.

त्यांचे रूपही दगडात आहे. अस्सिरियातल्या निमरुदच्या निनुर्ता मंदिरातल्या शिल्पात दाढीवाल्या पुरुषाच्या डोक्यावर माशाचे डोके टोपीसारखे बसले आहे आणि खवल्यांचे अंग पाठीवरून खाली लोंबते. बेरोससने वर्णिलेली दोन डोकी ती हीच. अशा मातीच्या छोट्या मूर्ती अस्सिरियात घरांच्या जमिनीखाली पुरत, अरिष्ट उंबऱ्याबाहेर राहावे म्हणून.

उरुकची पाटी प्रलयापाशी थांबत नाही. ती पुढे राजा गिल्गमेशच्या दरबारी सिन-लेकी-उन्निन्नी हा पंडित नोंदवते आणि अस्सिरियाचा राजा एसरहद्दोन याच्यापर्यंत येते. पाटी लिहिणारा अनू-बेलशुनू स्वतःला याच सिन-लेकी-उन्निन्नीचा वंशज म्हणवतो. ओआनेसपासून सुरू झालेल्या यादीत त्याने आपल्या घराण्याच्या मूळपुरुषाला बसवले आहे. ग्रीक राजवटीत मंदिरातल्या शास्त्र्यांचा मान टिकवायचा, तर विद्या थेट समुद्रातून आपल्या घरात आली हे लिहून ठेवणे त्याला गरजेचे वाटले असावे.