उंडीचं दूध

१९७४ साली मी वाळवलेल्या उंडीच्या डहाळीच्या कागदावर, ठिकाणाच्या रकान्यात, एकच शब्द आहे: समुद्रकिनारा. अक्षर माझंच, तेव्हाचं गोल आणि टापटीप. डहाळी अजून शाबूत आहे. पानाच्या मधल्या शिरेपासून कडेपर्यंत गेलेल्या, केसाइतक्या जवळजवळच्या आडव्या शिरा भिंगाशिवाय दिसतात. पण ती कुठल्या झाडाची, हे आता मलाही सांगता येत नाही. वेंगुर्ल्यापासून खाली आमच्या गावापर्यंत तेव्हा उंडीची कितीतरी झाडं होती. रस्ता रुंद झाला, बंगले आले, त्यात बरीचशी गेली. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी मुलांना सांगत आले: ठिकाण नीट लिहा. ते कशासाठी, हे मला स्वतःला नीट कळलं ते उंडीच्याच एका दूरच्या बहिणीची गोष्ट वाचल्यावर.

आमच्या घरी गोठ्यातल्या दिव्यात उंडीचं तेल असे. रात्री वटवाघळं फळं नेत, वरचा गर खाऊन बिया टाकत, आणि सकाळी आम्ही मुलं त्या वेचून आणत असू. आजी बिया फोडून आतला गर सुपात उन्हात ठेवी. ताज्या गरातून तेल फारसं निघत नाही. महिना-दीड महिना वाळला, तांबूस आणि चिकट झाला, की मग घाण्यावर न्यायचा. तेल हिरवट, दाट, उग्र वासाचं. गुरांच्या जखमांना, माणसांच्या सांधेदुखीला, खरजेला तेच. मी एकदा बोट बुडवून चाटायला गेले तेव्हा आजीने हात धरला. "ह्यां तेल खावचां न्हय गो, जळवचां." झाडाला कोयता लागला की सालीतून चिकट, पिवळसर दूध येई. ते डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, एवढीच त्याच्याबद्दलची शिकवण.

संस्कृतातला पुन्नाग म्हणून पुष्कळ जण हेच झाड ओळखतात. मलबारात ते पुन्ना. कोचीचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रीड याने करवून घेतलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथात ते आहे. ग्रंथ अॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. आपल्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट म्हणजे पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेलं आहे, आणि चित्रांवर झाडांची नावंही नागरीत आहेत. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचं प्रमाणपत्रही तिथेच आहे. माहिती कोणी दिली, ती कुठल्या भाषेत दिली, हे सतराव्या शतकात कोणाला तरी लिहून ठेवावंसं वाटलं. माझ्या कागदापेक्षा तो कागद प्रामाणिक होता.

पुढे ही गोष्ट एड्सच्या विषाणूकडे वळणार आहे, म्हणून इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. उंडी विषाणूंवर चालते असं आजीला ठाऊक नव्हतं, त्या तीन वैद्यांनाही नव्हतं. वैद्यांच्या काळात तर विषाणू ही कल्पनाच नव्हती. त्यांना खरूज ठाऊक होती, जखम ठाऊक होती. त्यांचं ज्ञान तेवढंच होतं आणि तेवढं खरं होतं; त्यात एड्स मागाहून कोंबणं हा त्यांचा मान नव्हे.

विषाणूपर्यंतची वाट वेगळीच निघाली. जपानमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९६८ साली उंडीच्या पानांचा अभ्यास केला तो त्यातला रस मासे मारतो म्हणून. मासे मारणारी जी द्रव्यं त्यांनी वेगळी काढली त्यांना इनोफायलम हे नाव मिळालं. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९९३ साली, स्मिथक्लाइन बीचम कंपनीच्या संशोधकांचा एक निबंध आला. ते एचआयव्हीचं एक विकर थांबवणारा पदार्थ शोधत होते. हा विषाणू आपली आरएनएची प्रत डीएनएत उतरवतो आणि मग माणसाच्या पेशीत घर करतो. उतरवण्याचं ते काम हे विकर करतं. तपासलेल्या अर्कांत एक अर्क चालला, आणि तो होता मोठ्या आफ्रिकन गोगलगाईचा. अर्क फोडून पाहिला तर आत इनोफायलम! ती गोगलगाय उंडी खाते. मग संशोधक थेट झाडाकडे गेले आणि तीच द्रव्यं कितीतरी जास्त प्रमाणात मिळाली. निबंधावर पहिलं नाव ए. डी. पाटील. मी तो निबंध ग्रंथालयात उभ्यानेच वाचला आणि घरी येऊन परत वाचला. आमच्या गोठ्याच्या दिव्यातलं झाड, आणि मधे एक गोगलगाय.

पण माझ्या मनात घर केलं ते सारावाकच्या झाडाने. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात हजारो वनस्पती कर्करोगासाठी तपासल्या होत्या. टॅक्सॉल त्यातूनच आलं, आणि कॅम्प्टोथेसिनही, जे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात आहे आणि ज्याच्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली. १९८६ साली संस्थेने उष्ण कटिबंधातलं संकलन पुन्हा सुरू केलं आणि पुढे एचआयव्हीसाठीही तपासणी चालू झाली. आग्नेय आशियाचं काम शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठाकडे होतं. त्या कामात १९८७ साली जॉन बर्ली आणि सोबत्यांनी बोर्निओतल्या सारावाकमध्ये, दलदलीच्या रानात, कॅलोफायलम लॅनिजेरम या झाडाचे नमुने गोळा केले. उंडीच्याच प्रजातीतलं हे झाड, पण जात वेगळी, वेगळी बहीण. नमुने अमेरिकेत पोचले, रांगेत राहिले. काही वर्षांनी कळलं की त्या अर्कात पेशी एचआयव्हीपासून वाचतात. १९९२ साली द्रव्याची रचना प्रसिद्ध झाली: कॅलॅनोलाइड ए.

आणखी माल हवा म्हणून माणसं सारावाकला परत गेली. झाड नव्हतं. तोडलेलं होतं.

त्याच जातीची दुसरी झाडं शोधली, पानं आणली, तपासली. त्यांत कॅलॅनोलाइड ए नव्हतं, किंवा असून नसल्यासारखं होतं. हे वाचताना मला माझा कागद आठवला. पुस्तकात आपण लिहितो, अमुक जातीत अमुक द्रव्य असतं. जात ही आपल्या सोयीची. द्रव्य असतं त्या एका झाडात, त्या मातीत, त्या फांदीत. शेवटी ते सापडलं सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांत, जी तिथे कधीकाळी लावून, नोंद करून ठेवली होती. रानात गेलेलं नोंदवहीत सापडलं.

दरम्यान कॅलोफायलम टेस्मानी या दुसऱ्या बहिणीच्या चिकात कॅलॅनोलाइड बी भरपूर मिळालं. अणू तेच, जोडणी तीच, फक्त अवकाशातली ठेवण वेगळी. परिणाम जरा कमी, पण चीक रबरासारखा पाझरवून घेता येतो, झाड उभंच राहतं. आजी ज्या दुधापासून डोळे सांभाळायला सांगे, त्याच दुधाच्या सख्ख्या नात्यातलं हे.

पुढचं थोडक्यात. शिकागोजवळच्या मेडिकेम कंपनीने कॅलॅनोलाइड ए प्रयोगशाळेत बनवलं, १९९६ साली सारावाक सरकारशी भागीदारी केली, माणसांवरच्या पहिल्या चाचण्या झाल्या. औषध म्हणून ते दुकानापर्यंत पोचलं नाही. त्याच विकराला रोखणारं नेव्हिरापिन तोवर बाजारात आलं होतं, आणि २००१ साली मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा मेळ दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात देऊ केला, त्यात नेव्हिरापिन होतं. माणसं वाचली ती त्या गोळ्यांनी. हे मी उंडीच्या बाजूची असूनही सांगते. मात्र सारावाकने भागीदारी मागितली, पुढे १९९७ साली आपल्या जैवविविधतेसाठी कायदा केला, हे त्या तुटलेल्या झाडाच्या मागेच घडलं.

गेल्या वर्षी मी पुन्हा एक कागद केला. देवळामागच्या उंडीचा, किनाऱ्यापासून साठ पावलं, विहिरीच्या दक्षिणेला, खोडाला जमिनीपासून छातीच्या उंचीवर दोन हातांची मिठी पुरत नाही. साल खरवडल्यावर आलेलं दूध पिवळसर, हवेत जरा वेळाने हिरवट. फळं हिरवी, खाली वटवाघळांनी टाकलेल्या बिया. जमिनीचा मालक कोण तेही विचारून लिहिलं. तो म्हणाला, "बाई, तोडूचां नाय हां ह्या." मी तेही शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, तारीख घातली.