तारीख नसलेल्या चित्राची तारीख

समजा, तुमच्यासमोर एक जुनं छापील चित्र आहे. त्यावर तारीख नाही, प्रसंगाचं नाव नाही. ते कधीचं, हे कसं ठरवाल?

जपानमधली काबुकी नटांची चित्रं अभ्यासताना हा प्रश्न नेहमी येतो. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, लाकडी ठशांवरून छापलेली ही चित्रं नाट्यरसिकांना विकली जायची. नाटक गाजत असताना ती खपायची. नट कोण, भूमिका कुठली, हे गिऱ्हाइकाला ठाऊकच असायचं. आपल्याला मात्र ते शोधावं लागतं.

शाराकुचं एक प्रसिद्ध चित्र घेऊ. मागे अभ्रकाची गडद चमक, ताणलेला चेहरा, फाकलेली बोटं. चित्रावर शाराकुची सही, प्रकाशक त्सुताया जूझाबुरोची खूण आणि 'किवामे' हा तपासणीचा शिक्का आहे. नटाचं नाव नाही.

पहिला पुरावा शिक्क्याचा. तो साधारण १७९० ते १८४२ या काळात वापरात होता. म्हणजे अंदाज अर्धशतकाचा झाला. फारच ढोबळ!

दुसरा पुरावा नटाचा. वेशावरची घराण्याची चिन्हं आणि नावं छापलेल्या इतर चित्रांमधले चेहरे ताडून पाहिले की नट ओळखता येतात. हा ओतानी ओनिजी तिसरा. काबुकीत नावं वारशाने मिळतात आणि बदलतातही. १७९४ च्या अकराव्या महिन्यात हाच नट नाकामुरा नाकाझो दुसरा झाला. म्हणजे ओनिजी म्हणून रंगवलेलं चित्र त्याआधीचं.

तिसरा पुरावा नाटकाच्या जाहिरातपत्रकांचा. त्यावर नाट्यगृह, नट आणि भूमिका असायच्या. ओनिजीने एदोबेईची भूमिका कावाराझाकी नाट्यगृहात केली ती १७९४ च्या पाचव्या महिन्यात. हा महिना चांद्र पंचांगातला, आपला मे नव्हे!

अशीच एकेका चित्राची सांगड घातल्यावर दिसतं, की शाराकुची १४० हून अधिक चित्रं जेमतेम दहा महिन्यांतली आहेत. मग हा चित्रकार गायबच होतो. कलेच्या इतिहासातलं एवढं मोठं विधान अशा बारक्या जुळणीवर उभं आहे.

ही जुळणी पटते, कारण शिक्का, चित्र आणि जाहिरातपत्रक वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कारणांसाठी बनवलं होतं. पण तिची मर्यादाही ओळखा. काही चित्रं प्रयोगाआधीच तयार व्हायची. त्यामुळे चित्रातला वेश रंगमंचावर तसाच होता, असं फक्त चित्रावरून म्हणता येत नाही. पुराव्यातून तारीख मिळाली, म्हणून बाकी सगळंही मिळालं असं धरू नका.