बिल्ला, विष आणि टाका

देवळाली कॅम्पातलं कुत्रं सकाळी लॅम रोडला लागलं आणि नाकासमोर चालत राहिलं, तर न्याहारीच्या आत त्याची एखादी हद्द तरी सहज ओलांडून होते. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, म्हणजे थेट संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतला कारभार. देवळाली गाव आणि नाशिकरोड १९८२ पासून नाशिक महापालिकेत. दुसऱ्या टोकाला भगूरची स्वतंत्र नगरपालिका आणि कडेकडेनं संसरी, बेलतगव्हाण, लहवित ही गावं. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी कुणी करायची, या प्रश्नावर इथे एकमेकांच्या हद्दीकडे बोट दाखवायला भरपूर वाव आहे. गळ्यात पट्टा असलेल्या, घरच्या कुत्रीच्या नसबंदीचं काय, हा प्रश्न मात्र हद्दीपर्यंत पोहोचतच नाही. तो कायद्यानं फाटकाच्या आतच सोडवून टाकला आहे: मालकानं बघावं.

हे उत्तर एका दिवसात तयार झालेलं नाही.

कॅम्प वसला तो १८६० च्या दशकात. मुंबईहून आगगाडी घाट चढून नाशिककडे येऊ लागली होती. विलायतेहून उतरलेल्या गोऱ्या पलटणी इथे विसावत आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई इथेच परतीच्या बोटीची वाट बघत. माणसांची सतत ये-जा असलेल्या वस्तीत उरलेलं अन्न मुबलक असतं आणि अन्न आलं की कुत्रं येतं. लष्कराला घोड्यांची आणि खेचरांची जनावर म्हणून काळजी होती, त्यासाठी पशुवैद्यक होते. कुत्र्याकडे बघण्याची नजर वेगळी होती. १९२४ च्या छावणी कायद्यात ती स्पष्ट दिसते. देशभरच्या छावण्यांना लागू असलेल्या या कायद्यानं बोर्डाला कुत्र्यांची नोंदणी करण्याचा अधिकार दिला. नोंदलेल्या कुत्र्याच्या गळपट्ट्याला बोर्डानं दिलेला धातूचा बिल्ला हवा आणि त्याची फी मालकानं भरायची. बिनबिल्ल्याचं कुत्रं सार्वजनिक जागी सापडलं तर ते अडकवून ठेवायचं. आठवड्याभरात कुणी फी भरून सोडवून नेलं नाही, तर ते नष्ट करण्याची मुभा. पाळलेल्या कुत्रीला होणाऱ्या पिल्लांबद्दल या सगळ्यात अवाक्षर नाही. कायद्यासाठी कुत्रं हे एकतर कुणाची तरी मालमत्ता होतं, नाहीतर उपद्रव.

या कडकपणामागे भीती होती आणि ती खरी होती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून रोग जडला की मरणाशिवाय दुसरा शेवट नव्हता. लुई पाश्चरची लस आल्यावर हिंदुस्थानातून काही गोऱ्या शिपायांना उपचारासाठी थेट पॅरिसला धाडलं जाई. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट उघडली. तिथे डेव्हिड सेम्पलनं १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून बनवायची लस तयार केली. पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं म्हणून महाराष्ट्रातल्या तीन पिढ्यांनी जिचा धसका घेतला, ती हीच. भारतात तिचा वापर थेट २००४ च्या अखेरीस थांबला. ज्यांनी ती टोचून घेतली किंवा घरात कुणाला टोचलेली पाहिली, त्यांना भटक्या कुत्र्याबद्दल प्रेमानं बोलायला सांगणं सोपं नाही.

तरी याच प्रांतात कुत्र्यांसाठी माणसं रस्त्यावर उतरली होती, आणि तीही कॅम्प वसण्याच्या कितीतरी आधी. मुंबईत कंपनी सरकारनं उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची पद्धत पाडली होती. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. १८३२ मध्ये ही मोहीम जून उजाडला तरी चालूच राहिली. बक्षिसाच्या लोभानं शिपाई घरांच्या आसपासची कुत्रीही टिपू लागले, आणि ६ जूनला कोटाच्या भागात भडका उडाला. पुढे होते पारशी. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. अंत्यविधीत मृताकडे कुत्र्यानं पाहावं असा सगदीदचा संस्कार आहे. हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यांच्या सोबत आले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीचा रसद-पुरवठा अडवला गेला. लष्कर बोलवावं लागलं. मुंबईच्या इतिहासातली ही पहिली मोठी दंगल मानली जाते, आणि ती कुत्र्यांपायी झाली हे आजही अनेक मुंबईकरांना ठाऊक नसतं.

दंगलीनंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरापोळ काढली. पकडलेली कुत्री मारण्याऐवजी तिथे ठेवायची, ही तिच्यामागची एक प्रेरणा. पुढे १८७४ मध्ये जनावरांवरील क्रौर्य रोखणारी संस्था मुंबईत उभी राहिली, परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय झालं आणि त्याच्या आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. देवळालीची थंड हवा आवडून बंगले आणि सॅनिटोरियमं बांधणारी जी पारशी कुटुंबं पुढे इथे येऊ लागली, ती याच परंपरेतली. कुत्र्याला घास काढून ठेवणं त्यांच्या घरचं वळण होतं.

पण घास घालणं वेगळं आणि शस्त्रक्रिया वेगळी.

गंमत अशी, की शस्त्रक्रियेची कल्पना गावाला मुळीच परकी नव्हती. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्हे बडवून बैल करत आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्डिझो नावाच्या इटालियन पशुवैद्यानं चामडी न कापता आतली नस चेपणारा चिमटा काढला आणि तो गुरांच्या दवाखान्यांतून गावोगाव पोहोचला. मुंबई इलाख्यात १९३३ मध्ये पशुधन सुधारणेचा कायदा झाला, त्यानं तर निकृष्ट वळू खच्ची करण्याची सक्तीच आणली. सरकार स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या माणसांकरवी लाखो नरांचं खच्चीकरण करत होतं. कारण बैल नांगराला जुंपायचा होता आणि जात सुधारायची होती. कुत्रीच्या पोटातून गर्भाशय काढल्यानं कुणाच्या शेताचा फायदा होणार नव्हता. शिवाय ते काम चिमट्याचं नव्हे: पोट उघडायचं, दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय बांधून काढायचं, थरथर शिवायचं, आणि तोवर जनावर बेशुद्ध ठेवायचं. क्लोरोफॉर्मच्या जमान्यात ती जोखीम मोठी आणि खर्च मोठा. म्हणून घरच्या कुत्रीला पिल्लं झाली की एखादं ठेवून बाकीची पोत्यात घालून बाजारापाशी किंवा वेशीबाहेर सोडायची, हा बिनखर्चाचा उपाय चालत राहिला. तो आजही बंद झालेला नाही.

सोडलेल्या पिल्लांचं काय करायचं यावर मात्र मोठमोठ्यांचे वाद झाले. १९२६ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकानं आपल्या आवारातली साठ कुत्री मारवली, आणि गांधीजींनी त्याची बाजू घेतली तेव्हा अहिंसावादी वाचक त्यांच्यावर तुटून पडले. गांधीजींचं म्हणणं, बेवारस कुत्रं ही कुत्र्याची नव्हे, समाजाची चूक आहे. दया खरी असेल तर कुत्र्याला मालक द्या. निदान अचूक होतं. त्यावरचा इलाज परवडणारा असावा लागतो, ही पुढची पायरी तेव्हा कुणाच्याच हाताशी नव्हती.

स्वातंत्र्यानंतरही नगरपालिकांचा मार्ग विषाचाच राहिला. कुत्र्याच्या हृदयात स्ट्रिकनीन टोचून मारण्याची रीत इतकी सर्रास होती, की १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात १९८२ साली दुरुस्ती करून तिचा नाव घेऊन निषेध करावा लागला. मुंबईत विजेचा धक्का देऊन मारत. मद्रासमध्ये ब्लू क्रॉस या संस्थेनं १९६४ पासूनच सांगायला सुरुवात केली होती, की मारून संख्या घटत नाही, नसबंदी करा. तिथल्या महापालिकेनं हे ऐकायला १९९६ उजाडलं. तोपर्यंत ब्लू क्रॉसच्या मांडणीनुसार तिथे दिवसाला १३५ पर्यंत कुत्री मारली जात होती.

मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या होत्या. पहिली औषधांची. झायलाझिन आणि केटामाइन ही दोन्ही औषधं १९६२ ची. दोन्ही मिळून एका सुईत कुत्रं बेशुद्ध होतं, त्याला गॅसचं यंत्र लागत नाही. शस्त्रक्रिया मोठ्या इस्पितळातून शेडमध्ये, शिबिरात आणता आली ती यामुळे. दुसरी गोष्ट अमेरिकेतली. १९७१ मध्ये लॉस एंजेलिस शहरानं पाळीव कुत्र्या-मांजरांसाठी माफक दरात नसबंदी करणारा सरकारी दवाखाना उघडला. तिथला हिशेब साधा होता: निवाऱ्यात येणारी जनावरं जन्मतात घरात, तर पैसा घराच्या दारातच खर्च करा.

भारतानं तंत्र घेतलं आणि हिशेब उलटा मांडला. जयपूरला १९९४ मध्ये ‘हेल्प इन सफरिंग’नं रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी सुरू केली आणि आठ वर्षांत तिथल्या कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटल्याचं नोंदवलं. मुंबईत १९९० च्या दशकात मारणं थांबलं आणि १९९८ मध्ये उच्च न्यायालयानं नसबंदीची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. डिसेंबर २००१ मध्ये केंद्राचे नियम आले. पकडा, शस्त्रक्रिया करा, रेबीजची लस टोचा, कानाला खाच पाडा, जिथून उचललं तिथेच सोडा. प्राणी कल्याण मंडळाचं अनुदान कुत्र्यामागे ४४५ रुपये: ३७० शस्त्रक्रियेचे आणि देखभालीचे, ७५ पकडण्या-सोडण्याचे. हा आकडा कोणत्याही पशुवैद्याला तुटपुंजा वाटेल, पण निदान आकडा होता. त्याच नियमांत पाळीव कुत्र्याबद्दल एक ओळ होती: प्रजोत्पादनावर नियंत्रण, लस, नसबंदी, परवाना ही मालकाची जबाबदारी. त्याच्यासाठी रक्कम नाही, दवाखाना नाही, मुदत नाही. १९२४ च्या बिल्ल्यातच जणू नसबंदीचा शब्द कोरला आणि फीची पावती पुन्हा मालकाच्या हाती दिली.

देवळालीसारख्या ठिकाणी ही विभागणी टिकत नाही. इथलं कुत्रं पूर्ण घरचंही नसतं आणि पूर्ण रस्त्याचंही. हौसन रोडच्या मागच्या जुन्या बंगल्यांचे मालक सुट्टीपुरते येतात, एरवी कुत्र्याला भाकरी घालतो तो रखवालदार. फाळणीनंतर इथे स्थिरावलेल्या सिंधी कुटुंबांच्या दुकानांपुढे बसणारं कुत्रं दुकानाचं असतं, पण बिल्ला कुणी लावत नाही. तोफखान्याच्या वसाहतीतल्या घरांना बदलीची ऑर्डर येते, आणि रेल्वेनं कुत्रं न्यायचं तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा कूपे मिळवा, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत कोंबा. अशा वेळी शेजाऱ्याला सांभाळायला दिलेली कुत्री सहा महिन्यांनी व्यायली, तर ती पिल्लं कुणाच्या हद्दीतली? वर्षातून साधारण दोनदा माजावर येणारी, दोन महिन्यांत विणारी मादी या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

त्यात हौस बदलत गेली. एकेकाळी बंगल्यांत अल्सेशियन आणि मध्यमवर्गात पामेरियन असे. २००३ मध्ये मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग घराघरात शिरला आणि घरगुती पैदाशीला धंद्याचं रूप आलं. २०१७ च्या नियमांनी पैदास करणाऱ्यांवर नोंदणीचं बंधन घातलं: अठरा महिन्यांखालची मादी लावायची नाही, आयुष्यात पाचाहून जास्त वेत नाहीत. कागदावर उत्तम. पण हौसेखातर एकदा तरी पिल्लं होऊ द्या म्हणणाऱ्या घराला तो नियम कधी दिसतच नाही. डॉक्टरांची अडचण निराळी. नशेसाठी गैरवापर होतो म्हणून २०१३ च्या अखेरीस केटामाइन कडक परवान्याच्या औषधांत गेलं आणि छोट्या दवाखान्यांत भुलीची सोय करणं आणखी किचकट झालं.

२०२३ च्या नव्या नियमांनीही पाळीव जनावराची नसबंदी मालकावरच ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलायला सांगितली आणि अकरा दिवसांत तो आदेश बदलून, नसबंदी व लस करून सोडा, असं ठरवलं. त्या गदारोळात देशभर जी चर्चा झाली तीही रस्त्याबद्दलच. पोतं कुठल्या घरातून येतं, याकडे कुणी वळलं नाही.

हा पायंडा मोडायला नवा कायदा लागत नाही. बैलांच्या खच्चीकरणासाठी ज्या सरकारनं गावोगाव दवाखाने चालवले, त्याला कुत्रीसाठी आठवड्यातला एक दिवस जड नाही. बोर्डाच्या आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात पाळीव जनावरांच्या सवलतीच्या शस्त्रक्रियेसाठी एक स्वतंत्र ओळ हवी, एवढंच. तोवर ज्यांच्या घरी पाच-सहा महिन्यांची कुत्री आहे त्यांनी पहिल्या माजाच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेनं स्तनाच्या गाठींचा धोका घटतो, आणि म्हातारपणी गर्भाशयात पू होऊन करावं लागणारं ऑपरेशन तर कितीतरी महाग पडतं. २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास, लसीकरणाचं शिबिर लागलं तर कुत्री घेऊन जरूर जा. आणि टेबलापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याला विचारा, सवलतीतल्या ऑपरेशनचा दिवस कोणता.